कपाटाची पाठ

दुपारी साडेचारला कामावरून आल्यावर ती रोजच्यासारखी कपाटाशी गेली, अंगातला कोट काढला, दार उघडलं आणि हँगर अडकवायला हात आत घातला, तेव्हा आपलं नेमकं काय चुकतंय तेच तिला कळेना. कपाटात उजेड होता. कपड्यांच्या मागे नेहमी डांबरगोळ्यांच्या वासाचा दाट काळोख असायचा, त्या जागी आता भिंत होती. भिंतीवर जुन्या रंगाचा न विटलेला चौकोन, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, आणि खाली कधीतरी पडलेला एक पिवळा कंगवा. तिनं कपडे बाजूला सारले. कपाटाला पाठ नव्हती. कुणी ती फोडून काढली असती तर ती ओरडून तरी मोकळी झाली असती. पण शिवण उसवावी तशी ती पाठ उसवून काढली होती, चौकटीवर एक ओरखडा न उठवता. काढलेल्या बारीक लोखंडी चुका कपाटाच्या तळाशी एका बशीत ठेवल्या होत्या, सगळ्यांची डोकी एका बाजूला. त्या बशीकडे बघून तिच्या मनात पाल चुकचुकली.

गॅलरीतून कानस चालल्याचा आवाज येत होता. अहोआई तिथं होत्या. सासऱ्यांचा जुना शर्ट अंगात, बाह्या कोपराच्या वर, कानावर पेन्सिल, आणि दोन स्टुलांवर आडवी टाकलेली ती पाठ. लग्नाआधी मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं की सासूला ‘अहो आई’ म्हणावं लागतं, तेव्हापासून मनातल्या मनात तिनं त्या दोन शब्दांचं एकच नाव करून टाकलं होतं. तोंडानं ती नुसतं आईच म्हणे. अहोआईंनी मान वर न करता चहा झाकून ठेवलाय म्हणून सांगितलं. मग कपाटाचं सांगितलं. कपाट भिंतीला टेकून उभं असतं, त्याची पाठ आजवर कुणी बघितलेली नाही, पुढंही कुणी बघणार नाही, आणि बाजारात आता असं तीस वर्षं वाळलेलं पातळ प्लायवूड मिळत नाही. ऐकून घेण्यासारखं होतं सगळं. खोडून काढायला जागाच नव्हती, आणि तिचा जीव घाबरला तो त्यामुळंच. कारण तिच्या स्वतःच्या आईचंही असंच होतं. आईनं एका सकाळी घरातल्या सगळ्या दारांच्या मुठी काढल्या होत्या, धुतल्या होत्या आणि पिठाच्या डब्यात सुकायला ठेवल्या होत्या. मुठींना येणारा-जाणारा हात लावतो, त्या मळतात, आणि पीठ पाणी शोषून घेतं, असं तिचं म्हणणं होतं. तेही ऐकून घेण्यासारखंच होतं. तेव्हा ती हसली होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तिनं तो किस्सा मुठी फिरवल्याची नक्कल करत सगळ्यांना ऐकवला होता. पुढच्या पाच वर्षांत आईचं एकेक दार बंद होत गेलं, शेवटी तर लेक दिसली की ती ‘बाई, तुम्ही कुणाकडं आलात?’ असं अदबीनं विचारायची. पण त्या सगळ्यापेक्षा तिला आठवे ते स्वतःचं हसणं.

तिचं काम दोष शोधण्याचं होतं. औषधांच्या कारखान्यात ती पट्ट्यासमोर बसायची, गोळ्यांची चंदेरी पाकिटं दिव्याखालून सरकत जायची, आणि ज्या पाकिटातली एखादी खोबण रिकामी असेल किंवा गोळीचा कोपरा उडाला असेल ते तिचा हात आपोआप उचलून बाजूला टाकायचा. तिथं तिला ‘भिंग’ म्हणत. एवढी तीक्ष्ण नजर असून घरातलं पहिलं रिकामं पाकीट आपल्या समोरून सरकत गेलं आणि आपण टाळी देऊन हसलो, ही गोष्ट तिनं नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती. त्यामुळं या खेपेला ती हसली नाही. झाकून ठेवलेला चहा तिनं उभ्यानंच घेतला आणि अहोआईंच्या हातांकडे बघत राहिली, जशी ती पट्ट्याकडे बघे.

खरं म्हणजे हे काही ध्यानीमनी नसताना झालेलं नव्हतं. तीन रविवारांपूर्वी मंडईच्या चौकात एक टोपीवाला लाकडी खोक्यावर बसून ते खोकं वाजवत होता. पायांमधून दोन्ही हात खाली सोडलेले, तळव्यांनी आणि बोटांनी समोरच्या फळीवर थापा. अहोआई पिशवी घेऊन तिथं थांबल्या त्या थांबल्याच. बस आली, गेली, दुसरीही गेली. टोपीवाल्यानं शेवटी हसून जागा करून दिली, तेव्हा त्या बसल्या नाहीत. त्यांनी वाकून फळीवर हात ठेवला आणि त्याला वाजवायला सांगितलं, डॉक्टर छातीवर हात ठेवतात तसं. घरी आल्यावर त्यांनी टकटक सुरू केली. जेवणाचं टेबल, दारं, खणांचे तळ, पलंगाची फळी. बोटाच्या पेरानं वाजवायचं, कान लावायचा, पुढं जायचं. नवरा म्हणाला, आई घरात वाळवी शोधतेय. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा आणि जगातलं सगळं पाच-दहा मिनिटं मागं-पुढं होऊन शेवटी जागेवर येतं अशी त्याची श्रद्धा होती. तसली पेटी आपण घरीच करणार असं अहोआईंनी सांगितलं, तेव्हा पेटी म्हणजे बाजाची पेटी का, असंही त्यानं विचारून घेतलं. अहोआईंनी त्याला सांगितलं की भाता नाही, सूर नाही, नुसतं खोकं. आणि तू लहानपणी याहून जास्त आवाज करायचास.

कपाटाच्या पाठीचा प्रकार झाल्यावर मात्र तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन आपली भीती सांगितली, मुठींचं आणि आपल्या हसण्याचं सोडून. तो आधी नाही म्हणाला, आणि मग त्यानंच तिला विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांचा नंबर शोधून दिला. पुढच्या आठवड्यातली गुरुवारची वेळ मिळाली. अहोआईंना डोळे तपासायला जायचंय असं सांगायचं ठरलं. तोवर नऊ दिवस होते. ते नऊही दिवस ती कामावरून थेट घरी आली, हातात भाजी निवडायचं किंवा कपड्यांच्या घड्यांचं निमित्त घेऊन गॅलरीच्या दाराशी बसली, आणि चूक होण्याची वाट बघत राहिली.

अहोआई आयुष्यभर पुस्तकं बांधत आल्या होत्या. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, बत्तीस वर्षं, फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि धड होऊन वर जायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे तिला माहीत होतं, पण एखाद्याचं गाव माहीत असावं तेवढंच. आता ती त्या गावातून पहिल्यांदा चालत होती. अहोआई टेप वापरत नव्हत्या. कागदाची लांब पट्टी घ्यायच्या, फळीला लावायच्या, नखानं खूण करायच्या, घडी घालायच्या. आकडे डोक्यात ठेवले की चुकतात, असं त्या म्हणाल्या. कागद चुकत नाही. वखारवाल्यानं बाजूच्या जाड फळ्या कापून दिल्या होत्या, त्यातली एक त्यांनी पट्टी लावून बघितली आणि दुसऱ्या दिवशी परत नेली. वखारवाला म्हणे वैतागला, मग त्यानं स्वतः मोजली, मग खुर्ची दिली. फळ्यांच्या कडा त्या काचपेपरानं घासायच्या तेव्हा डोळे मिटून घ्यायच्या आणि अंगठा फिरवत जायच्या. एकदा अंगठा थांबला. तिनं जवळ जाऊन बघितलं, आणि कारखान्यात भिंग म्हणवणाऱ्या तिच्या डोळ्याला तिथं काही म्हणजे काही दिसलं नाही. तिनं आपला अंगठा फिरवला, तेव्हा तिसऱ्या खेपेला कुठं जाणवलं, केस अडकावा तेवढं काहीतरी. अहोआईंनी विचारलं, लागलं ना? ती म्हणाली, लागलं. आणि तिला विनाकारण आनंद झाला.

त्या आनंदाचा तिला राग आला. आपण पहारा द्यायला बसलोय की काय करतोय? दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातली पोलादी पट्टी पर्समधून घरी आणली. अहोआई अंघोळीला गेल्या असताना ती गॅलरीत गेली आणि चोरासारखी एकेक फळी मोजू लागली. चारही बाजू, मग बैठकीची फळी, मग तळाची. समोरासमोरच्या फळ्यांत नखाच्या जाडीचाही फरक नव्हता. मागच्या फळीला आवाज बाहेर यायला गोल भोक पाडायचं होतं, ते त्यांनी बशी ठेवून आखलं होतं, गिरमिटानं आखणीच्या आतून भोकांची माळ पाडली होती, मधला तुकडा बारीक करवतीनं काढला होता आणि मग दोन संध्याकाळी कानस फिरवली होती. तिनं भोकात हात घातला. काठ इतका गुळगुळीत होता की मनगट बाहेर काढावंसं वाटेना. ती तशीच बसली, एक हात भोकात आणि एका हातात पोलादी पट्टी, आणि तिच्या मनात आलं की आईनं मुठी काढल्या तेव्हा त्या परत बसवता आल्या नव्हत्या. स्क्रू कुठं ठेवले ते आईला सांगता आलं नव्हतं. इथं चुका बशीत होत्या. एवढा फरक तिला पहिल्याच दिवशी दिसायला हवा होता. दिसला होताच, पण भीती एकदा घरात शिरली की ती दिसलेल्या गोष्टींवर बसून राहते. पाण्याचा आवाज थांबला, तशी ती पट्टी लपवून स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारी ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली तेव्हा अहोआईंनी खोकं चिकटवून ठेवलं होतं. शिकंजा नव्हता, म्हणून त्यांनी दोरीचे तीन वेढे घालून त्यात लाकडी चमचे अडकवून पीळ दिला होता. दोरी कोपऱ्यांना काचू नये म्हणून खाली पुठ्ठ्याच्या घड्या. वर वजनाला शब्दकोशाचे चार खंड. चौकट काटकोनात बसलीय का ते बघायला त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरा धरला, मग तोच दोरा उलट्या कोपऱ्यांना लावला. दोन्हीकडे गाठ एकाच जागी आली. मग त्यांनी हात धुतले, बोटांना लागलेला सरस खरवडून काढला, केस विंचरले, बाहेर जायचे कपडे घातले आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“वाळायला उद्यापर्यंत लागेल,” त्या म्हणाल्या. “तोवर तुझ्या त्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही हे तुलाही माहीत आहे.”

तिला बसायला खुर्ची हवी होती, पण ती लांब होती. अहोआईंनी तिला फार वेळ तसं उभं ठेवलं नाही. त्यांनी सांगितलं की तिच्या आईचं त्यांनी बघितलंय, त्या दोघी एकाच वयाच्या, आणि अशा घरातल्या मुलीनं कपाट उघडल्यावर घाबरू नये तर काय करावं. बशीत चुका नीट लावून ठेवल्या त्या तिच्यासाठीच, म्हणजे तिला धीर येईल. पण उलटंच झालेलं दिसतंय. आणि डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनाही ऐकायचंच होतं. हे सगळं त्या पायात चपला सरकवता सरकवता बोलल्या. बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा तिला दिली. ती बाहेर बघत होती आणि तिला वाटत होतं की आजवर आपण कुणाचं एवढं बारीक निरीक्षण केलं नव्हतं, आणि तेवढ्याच वेळात कुणीतरी आपलंही करत होतं. आपली पट्टी लपवलेली होती, त्यांची नजर मात्र उघडी.

डॉक्टर तरुण होत्या आणि थकलेल्या. त्यांनी अहोआईंना वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला लावलं. अहोआईंनी कागदाची घडी घालून मध्य शोधला आणि मग वर्तुळ काढलं. सुरुवातीलाच डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले होते आणि शेवटी विचारीन म्हणून बजावलं होतं. ती बाजूच्या खुर्चीवर बसून तेच शब्द मनात घोळवत होती. घोळवायचं काही कारण नव्हतं, तिला कुणी विचारणार नव्हतं. शंभरातून सात-सात वजा करणं चाललं होतं तेव्हा तिनं पुन्हा एकदा शब्द मोजले. छत्री. पूल. आणि तिसरा? तिसऱ्या जागी काही नव्हतं. तिनं उचलून बघितलं, हलवून बघितलं. चमचा? फळा? खोबण रिकामी होती, आणि दिव्याचा उजेड थेट त्या खोबणीवर पडला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अहोआई म्हणाल्या, “छत्री, लिंबू, पूल. पूल म्हणताना तुम्ही घड्याळ बघितलंत.” डॉक्टर हसल्या, दमलेपण विसरून हसल्या, आणि या वयात अशी स्मरणशक्ती कमी जणांची असते असं म्हणाल्या. अहोआई म्हणाल्या, वासरात लंगडी गाय शहाणी. तीही हसली. लिंबू, ती मनात म्हणाली, लिंबू लिंबू लिंबू, आणि जिभेवर पाणी सुटलं, आणि तरीही तो शब्द तिला कुणीतरी नव्यानं ओळख करून दिल्यासारखा वाटत राहिला.

पुढचे काही दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. आईला सुरुवात झाली तेव्हा आई चोपन्न वर्षांची होती, ती सत्तेचाळीस. सात वर्षं, शंभरातून एकदा वजा करायचं तेवढी. पट्ट्यासमोर बसल्यावर तिला पहिल्यांदाच शंका येऊ लागली की आपल्या नजरेतून काही सुटत तर नसेल, आणि सुटलं तर ते आपल्याला कळणार कसं? ती घरी येऊन गॅलरीत बसायची, आता निमित्ताशिवाय. पहारा संपला होता. त्या दोन हातांच्या जवळ असलं की डोक्यातली मोजणी थांबे, एवढंच तिला समजत होतं. अहोआई तिला कामं सांगू लागल्या होत्या: इथं धर, ते फुंक, काचपेपर बदल. एकदा तिनं विचारलं की हे सगळं कशासाठी, म्हणजे मनात नेमकं काय आलं होतं. अहोआईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, आवाज आवडला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, आणखी काही सांगायला हवं असं वाटल्यासारखं, म्हणाल्या की पुस्तकं आवडायची तशी आवडला.

कपाटाची पाठ त्या खोक्याचं तोंड झाली. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी गिटारच्या दोन टाकाऊ तारा आणल्या होत्या, त्या आतून फळीला जेमतेम टेकतील अशा ताणून बसवल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी फळी स्क्रूंनी बसवली, अहोआई खोक्यावर बसल्या, हात खाली सोडले आणि थाप मारली. पिंपावर उशी आपटावी तसा आवाज आला. दुसरी थाप, तिसरी, उशीच. नवऱ्यानं वर्तमानपत्राचं नुसतं पान उलटलं, हे त्याचे उपकार. तिच्याच मनात आलं, तीन आठवडे, ते घासणं, तो अंगठा! अहोआई मात्र उठल्या, खोक्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्याच्याकडे अशा बघू लागल्या की आता कुठं ते बोलायला लागलंय. फार घट्ट बांधलं, त्या म्हणाल्या. पुस्तकाची पाठ फार घट्ट बांधली तर ते उघडत नाही, तशी चूक झाली आपली. आपली म्हणाल्या. सगळे स्क्रू काढले. वरच्या कडेवरून काचपेपर फिरवला, तारा केसभर मागं घेतल्या, आणि पुन्हा बसवताना खालचे स्क्रू पिळले पण वरच्या दोन कोपऱ्यांचे अर्धेच ठेवले. ती फळी धरून होती. तिचं तोंड भिंतीकडे होतं, अहोआईंचं फळीकडे, एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते.

“त्या दिवशी मला लिंबू आठवलं नव्हतं,” ती म्हणाली.

अहोआईंनी चालू असलेला पीळ पुरा केला. “ठाऊक आहे. तुझे ओठ हलत होते. दोनदाच हलले.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलेपर्यंत मी त्यात काय बोलू?” त्यांनी दुसरा स्क्रू उचलला. “वेळ घेऊ या तुझ्यासाठी?”

“मला भीती वाटते, आई.”

“मला नेताना बरी नाही वाटली,” अहोआई म्हणाल्या, आणि ती हसायला लागली, फळी हातात थरथरली, अहोआईंनी दम दिला की हलवू नकोस, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती तशीच फळी धरून उभी राहिली. तिनं मुठींचं सांगितलं. कामावर केलेली नक्कल सांगितली, मुठी कशा फिरवल्या ते, कोण कोण हसलं ते. अहोआई स्क्रू पिळत ऐकत होत्या. त्यांनी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाल्या की तुझ्या आईला गंमत आवडायची, तिनं ती नक्कल बघितली असती तर तीही हसली असती. तेव्हा हसू शकत होती ती.

मग त्यांनी तिला खोक्यावर बसवलं. स्वतः बसल्या नाहीत. समोर गुडघ्यांवर बसून त्यांनी फळीच्या मध्यावर तळवा टाकला, आणि आवाज तिला ऐकू येण्याआधी अंगात आला, माकडहाडातून वर, पाठीच्या एकेका मणक्याला हात लावत मानेपर्यंत. खोल, गोल, उबदार धम्म. मग वरच्या कोपऱ्यावर बोटांची चापट, आणि त्या सैल सोडलेल्या कडेनं उत्तर दिलं, कोरडं, खणखणीत, मागे तारांची वाळू सांडल्यासारखी सरसर. धम्म आणि चट्. नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. अहोआईंच्या कपाळावर घाम होता, केसांत लाकडाचा भुसा होता, बोटांवर सरसाचे पापुद्रे होते. आणि त्या अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर तिला असा काही भाव दिसला की असं जगायला आपल्याला जमेल का, असं तिला वाटून गेलं. जमो न जमो, असं जगता येतं हे आपण जवळून बघितलं.

डॉक्टरांकडची तिची वेळ सकाळची होती. ताटकळणाऱ्यांसाठी भिंतीला लागून लांब लाकडी बाक होतं, त्यावर आठ-दहा माणसं, प्रत्येकाच्या शेजारी त्याला घेऊन आलेलं कुणीतरी. कोण कुणाला घेऊन आलंय ते चेहऱ्यांवरून सांगता येत नव्हतं. सगळे जमिनीकडे बघत होते. थोड्या वेळानं अहोआईंची बोटं बाकाच्या कडेवर चालू लागली, आधी अगदी हळू, लाकूड चाचपत. मग त्यांना हवी ती जागा सापडली असावी, कारण हातानं तिथं ठेका धरला. टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, ज्यांनी आल्यापासून कुणाकडे बघितलं नव्हतं, पाय हलवायला सुरुवात केली, बरोबर ठेक्यावर. ती थोडी सरकली आणि अहोआईंना बाकाची आणखी जागा करून दिली. मग तिचा नंबर पुकारला. ती उठली. अहोआईंनी मान हलवली, जा म्हणून, पण हात थांबवला नाही. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं. तिनं ते ओढलं, पण ठेका आत येईल एवढी फट राहू दिली.